रांगेत मध्येच घुसलेला

११ जानेवारी

धाकट्या,

परवा तू फोनवर बरंच बोललास. मी तीनदा 'हो' म्हणाले, दोनदा 'बरं' म्हणाले. खरं सांगायचं तर तुझा आवाज आला, शब्द आले नाहीत. डॉक्टर म्हणतात, उजवा कान आता हिशेबात धरू नका आणि डाव्यावर फार भिस्त ठेवू नका. वीस वर्षं कवळ्या घासायचं यंत्र कानाशी फिरत होतं, त्याने त्याचं काम केलं. मेसेजवर तू 'ठीक', 'बघतो' यापलीकडे जात नाहीस. म्हणून पत्र लिहितेय. निदान चार ओळी तरी लिहाव्या लागतील तुला.

विचारायचं ते असं. तुझ्या भाऊजींनी क्रिप्टोचं जे नाणं घेऊन ठेवलं होतं, ते मी मागच्या आठवड्यात विकलं. ते गेल्यापासून वर्षभर हात लावला नव्हता. लिफ्टदुरुस्तीच्या जादा कामाचे पैसे ते त्यात टाकायचे आणि मी त्यांना हसायचे. आता कानाची यंत्रं घ्यायची आहेत, दोन्ही बाजूंची. शिवाय दातांच्या लॅबमध्ये आठवड्याला सहाऐवजी चार दिवस जावं म्हणतेय. प्लास्टरच्या धुळीने खोकला सुटत नाही.

विकताना फोनच्या स्क्रीनवर एक रक्कम दिसत होती. बटण दाबलं. हातात आली ती रक्कम जवळजवळ दहावा हिस्सा कमी. फी वगैरे वेगळी, ती मी धरली होती. माझ्या शेजारच्या टेबलावर पोर्सिलेनवाली बसते, दातांना रंग चढवते ती. तिच्या लेकीने तिलाही परदेशातून असंच नाणं पाठवलंय, म्हणून तिने माझ्यासोबत बसून सगळं तपासलं. आम्हा दोघींच्या डोक्यात काही शिरलं नाही.

तू याच धंद्यातला. लोकांचे व्यवहार कुणी लुबाडू नये म्हणून राखण करतोस, असं तूच सांगितलं होतंस. मग सांग, माझं काय चुकलं? व्यवहाराचा लांबलचक नंबर खाली उतरवून दिलाय. दोनदा ताडून पाहिलाय, एकही अक्षर चुकीचं नसेल.

ताई


२० जानेवारी

ताई,

नंबर बरोबर होता. इतकी अक्षरं हाताने कुणी उतरवून काढेल असं आमच्या ऑफिसात कुणाला सांगून पटणार नाही.

तुझं काही चुकलेलं नाही. या नाण्यांचा भाव सेकंदासेकंदाला हलतो. तू बटण दाबलंस आणि व्यवहार पुरा झाला, त्या दरम्यान बाजार हलला. असं होतं. मनाला लावून घेऊ नकोस. कानाच्या यंत्रांना जे कमी पडेल ते मी पाठवतो, नाही म्हणू नकोस.

इकडे काम फार आहे. खुर्चीतून उठलो की कंबर सरळ व्हायला वेळ लागतो. बाकी ठीक.

धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

तू पाठवलेले पैसे परत केलेत. तुझं पत्र आठ ओळींचं होतं, त्यातली एक कंबरेवर. मी समजले, तुला माझ्या प्रश्नांचा कंटाळा आलाय किंवा तुझं स्वतःचंच काहीतरी बिनसलंय. दुसरं असेल तर सांग. आई गेल्यावर आपण दोघंच उरलोत, उगाच झाकपाक नको.

यंत्र एकाच कानाचं घेतलं, डाव्या. दुसरं पुढच्या वर्षी बघू. पहिल्या दिवशी नळाचा आवाज ऐकून दचकले, इतका मोठा असतो हे विसरलेच होते. लॅबचे दिवस मात्र सहाच ठेवलेत.

बाजार हलला म्हणतोस तर हलला असेल. मला वाटत होतं त्या ॲपने मध्येच विचारलं होतं ना, 'व्यवहार अडकलाय, मर्यादा वाढवायची का', त्याला मी हो म्हणाले, तिथे घोळ झाला. दहा टक्के असं काहीतरी होतं. पण तू म्हणतोस चुकलं नाही, तर नाही.

पोर्सिलेनवालीलाही तेच सांगितलं. ती घाबरून थांबली होती. म्हटलं, माझा भाऊ यातला जाणकार आहे, तो म्हणतो यात काही काळंबेरं नाही, बाजाराचं नशीब असतं. येत्या नऊ तारखेला तिची सुट्टी आहे, दुपारी निवांत बसून विकणार आहे. लेकीने चार वर्षं पाठवलेलं आहे सगळं.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल दुपारी बाराच्या सुमाराला हातात पडलं. मी उभ्याउभ्याच तुला सात मेसेज टाकले, 'त्यांना थांबव' म्हणून. तुझा फोन लॅबच्या कपाटात असतो हे मला माहीत आहे. सहा वाजता तू उत्तर दिलंस, 'दीड वाजता झालं. तिलाही कमी आले. माझ्यापेक्षा जास्त कमी.' त्यानंतर मी फोन केला तो तू घेतला नाहीस. आज ऑफिसला गेलो नाही. हे पत्र चौथ्यांदा लिहितोय.

बाजार हलला नव्हता. तो हलवला होता.

तू बटण दाबलंस की व्यवहार लगेच होत नाही. आधी तो एका उघड्या रांगेत उभा राहतो. फार तर काही सेकंद. पण त्या रांगेतली प्रत्येक चिठ्ठी कुणालाही वाचता येते: काय विकणार, किती, आणि किती कमी मिळालं तरी चालेल. बॉट म्हणजे एक प्रोग्रॅम. तो अहोरात्र फक्त या चिठ्ठ्या वाचतो. त्याला तुझी दिसली. दहा टक्के कमी चालतील, असं त्यात होतं. मग त्याने जास्त फी मोजून तुझ्या पुढची जागा घेतली, तेच नाणं आधी विकलं आणि भाव पाडला. तुझं पडलेल्या भावाने गेलं. लगेच तुझ्या मागे उभं राहून त्याने ते स्वस्तात परत घेतलं. मधला फरक त्याचा. तुझ्या व्यवहाराच्या एक आधीचा आणि एक नंतरचा, हे दोन्ही व्यवहार त्या जाहीर वहीत कायमचे नोंदलेले आहेत. मी ते वीस जानेवारीच्या आधीच पाहिले होते.

ते ज्या पत्त्यावरून झाले, तो पत्ता मला आपल्या घराच्या पत्त्यासारखा पाठ आहे. तो बॉट मी लिहिलाय.

पहिल्या नोकरीतला माझा मित्र, ज्याला तू चष्मेवाला म्हणायचीस, आम्ही दोघांनी पाच वर्षांपूर्वी तो केला. तेव्हा आम्हाला ते कोडं सोडवल्यासारखं वाटायचं. समोर माणूस दिसत नव्हता, आकडे दिसायचे. आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी 'बोनस मिळाला' म्हणून पैसे आणले होते, आठवतं? बोनस नव्हता. वर्षभराने मला झोप लागेनाशी झाली, तेव्हा माझा वाटा चष्मेवाल्याला देऊन मी बाहेर पडलो आणि या कंपनीत आलो. लोकांच्या चिठ्ठ्या बंद पाकिटातून न्यायच्या, रांगेत उघड्या ठेवायच्या नाहीत, हे आमचं काम. मला वाटलं, फिटलं. बॉट मात्र त्याने चालूच ठेवला.

तुला खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तू विचारलाच असतास, की तुला कसं कळलं. तो टाळायला मी बाजारावर ढकललं. माझ्या त्या एका ओळीवर विश्वासून एका बाईंनी लेकीची चार वर्षांची कमाई रांगेत नेऊन ठेवली.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल.

धाकटा


२८ एप्रिल

धाकट्या,

दोन महिने तुला लिहायला बसले की भाषा खराब व्हायची, म्हणून लिहिलं नाही.

सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. तू बॉट लिहिलास ते नाही. आई ऑपरेशननंतर तीन वर्षं स्वतःच्या पायाने चालली, जिन्याने वर यायची, मला त्याचं किती समाधान होतं. आता ती पायरी चढताना आठवली की मनात येतं, ही पायरी कुणाच्या खिशातून आली असेल. माझ्याकडे तेवढी एक स्वच्छ आठवण होती. ती तू मला न विचारता खराब केलीस.

पोर्सिलेनवालीला मी सगळं सांगितलं, तुझं पत्र वाचूनच दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे मी मूर्ख नव्हते तर.' दोन महिने ती स्वतःला मूर्ख समजत होती. लेकीला सांगितलंही नव्हतं. माझ्याशी बोलते, पण टेबलं आता लांब सरकवली आहेत. तिनेच सरकवली, प्रकाश कमी पडतो म्हणून.

एक विचारायचंय. तो बॉट अजून चालू आहे का?

ताई


६ मे

ताई,

चालू आहे. मार्चमध्ये मी चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडे आता मोठं घर आहे, आणि घरात बसायला एकच खुर्ची. मी म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, 'करतो, तुझ्यासाठी आठवडाभर बंद करतो. तू फक्त बघत बस.' त्याने माझ्यासमोर बंद केला. आम्ही चहा घेत स्क्रीनकडे बघत राहिलो. चाळिसाव्या मिनिटाला दुसऱ्या कुणाचा तरी बॉट त्याच जागेवर येऊन तेच करू लागला. चष्मेवाला जिंकल्यासारखा हसलाही नाही. त्यालाही कंटाळा आलेला दिसला. आठवड्याने त्याने पुन्हा सुरू केला.

पोर्सिलेनवाल्या बाईंचा व्यवहारही मी शोधला. तो आमच्या बॉटने खाल्ला नव्हता, तिसऱ्याच कुणाचा होता. त्याने मला काही हलकं वाटलं नाही.

म्हणजे एकेक बॉट मारून उपयोग नाही. चिठ्ठी त्यांना दिसताच कामा नये. ती सोय आमच्याकडे आहे, दोन वर्षांपासून आहे, फुकट आहे. तुझ्या ॲपमध्येसुद्धा होती. सेटिंग, मग प्रगत सेटिंग, मग तळाशी एक बारीक ओळ: 'संरक्षित मार्ग वापरा'. ती आपोआप सुरू नसते, कारण बंद पाकिटाला कधी कधी अर्धा मिनिट जास्त लागतं आणि ॲपवाल्यांना ग्राहक ताटकळायला नको असतो. शिवाय पाकिटं ज्यांच्या हातात देतो त्यांच्यातही अधूनमधून फितूर निघतात, मग त्यांना काढा, नवे शोधा. ती ओळ कुठे ठेवायची हे ठरलं त्या मीटिंगला मी होतो. तोंड उघडलं नाही. तेव्हाही वाटलं होतं, आपण बोलायला लागलो तर कुणीतरी विचारेल, तुला एवढं कसं माहीत.

फार थकलोय, ताई. हे लिहून तुझ्याकडून काही मिळवायचं नाहीये.

धाकटा


१५ मे

धाकट्या,

थकलास हे कळलं. इथे कुणी ताजंतवानं नाही.

आता माझं ऐक. पुढच्या महिन्यात एक दिवस रजा काढ आणि लॅबमध्ये ये. एक ते दोन जेवणाची सुट्टी असते, आम्ही सहाजणी एका टेबलावर डबे खातो. सहापैकी चौघींकडे हे असलं काहीतरी आहे, कुणाच्या मुलाने पाठवलेलं, कुणाच्या नवऱ्याने घेतलेलं. तू समोर बसून सांग. तू काय केलंस तेसुद्धा सांग, ते गाळून नुसता शहाणपणा शिकवणार असशील तर येऊ नकोस. सावकाश बोल आणि तोंडावर हात घेऊ नकोस, मी ओठ वाचते.

आणि ती ओळ. 'संरक्षित मार्ग वापरा' वाचून मला वाटलं असतं, हे रस्त्याच्या कामाचं काहीतरी आहे. माणसाला कळेल असं लिहा. मी असं लिहिलं असतं: 'तुम्ही किती विकताय आणि किती कमी चालेल, हे आता सगळ्यांना दिसणार आहे. मध्ये घुसून कुणी भाव पाडू शकतं. झाकून पाठवू का? अर्धा मिनिट जास्त लागेल.' आणि हे तळाशी नाही, विकायच्या बटणाच्या आधी. आमच्याकडे साच्यावर पेशंटचं नाव पहिल्यांदा लिहितात, कवळी तयार झाल्यावर नाही.

ताई


३० जून

ताई,

महिन्याच्या सुरुवातीला लॅबमध्ये आलो त्या दिवशी तुझा नीट निरोप न घेता निघालो, गाडीची वेळ झाली म्हणालो. वेळ झाली नव्हती. बाहेर जाऊन बसथांब्यावर तासभर बसलो.

मी ऑफिसातल्या मोठ्या लोकांसमोर स्क्रीन लावून बोललोय. तुमच्या त्या टेबलाशी, प्लास्टर लागलेल्या हातांसमोर, डबे उघडे असताना 'हा बॉट मी लिहिला' म्हणणं त्याहून अवघड गेलं. मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल. मेणाचे नमुने घडवणाऱ्या त्या मेणवाल्या बाईंनी फक्त विचारलं, 'मग तेव्हा तुला रोज किती माणसं दिसायची?' मी म्हटलं, माणसं दिसत नव्हती. त्या म्हणाल्या, 'बरं.' आणि डब्याचं झाकण लावलं. ते 'बरं' अजून डोक्यातून गेलं नाही.

पोर्सिलेनवाल्या बाईंनी शेवटी, लेकीने मधल्या महिन्यांत पाठवलेलं नाणं माझ्यासमोर विकलं. झाकून पाठवायची सोय मीच सुरू करून दिली, बटण त्यांनी दाबलं. पन्नास सेकंद लागले. तेवढ्यात टेबलावर कुणी घास घेतला नाही. स्क्रीनवर दाखवलं होतं तेवढंच आलं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे हे इतकं सोपं होतं.' मला त्यापेक्षा ओरडा चालला असता.

परत आल्यावर आमच्या मालकीणबाईंकडे गेलो. तुझं वाक्य कागदावर लिहून नेलं होतं. त्या म्हणाल्या, असं लिहिलं तर लोक घाबरून ॲपच बंद करतील. मी म्हटलं, घाबरायला हवंय. मग पहिल्यांदा सांगितलं, मला हे सगळं कुठून माहीत आहे. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मला वाटलं नोकरी गेली. ती अजून जायचीही असेल, चौकशी चालू आहे. पण वाक्याचं त्यांनी ॲपवाल्यांशी बोलणं केलं. तीनपैकी दोघांनी नकार दिला. एकाने घेतलं. तुझं 'मध्ये घुसून' त्यांना नको होतं, मी भांडून ठेवायला लावलं.

दोन आठवडे झाले. ते वाचून दहापैकी सहाजण झाकून पाठवतात. बाकीचे चौघे 'लवकर पाठवा' दाबतात. घाईत असतात. त्यांच्यासाठी रांगेत बॉट उभे आहेतच.

सोबत एक पाकीट आहे, पोर्सिलेनवाल्या बाईंना दे. त्यांचा गेलेला फरक आहे. बॉट माझा नव्हता, पण गप्प बसणारा मी होतो. तुझं मी पाठवणार नाही, तू परत करशील.

तू अजून रागावली आहेस का?

धाकटा


९ जुलै

धाकट्या,

पाकीट दिलं. पोर्सिलेनवालीने उघडून न बघता पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, 'तुझ्या भावाला सांग, घेतले. म्हणजे मिटलं असं नाही.' मी म्हटलं, तसंच कळवते. कळवलं. लेकीला तिने परवा सगळं सांगितलं, लेक फोनवर रडली म्हणे, पैशांसाठी नाही, आईने पाच महिने एकटीने सोसलं म्हणून. टेबल तिने अर्धं परत सरकवलंय. अर्धंच.

मेणवालीच्या जावयाने माझं ते वाक्य असलेलं ॲप घेतलं. त्याला ते वाक्य कुणी लिहिलं ते मी सांगितलं नाही. पण तो ते मोठ्याने वाचत होता तेव्हा मी हातातलं काम थांबवून ऐकलं, सगळं ऐकू आलं.

चौकशीत काय होईल ते होवो. नोकरी गेली तर गेली, खोटं बोलून टिकवू नकोस. सहाजणांचं वाचून बरं वाटलं. चौघांचं तू एकटा काही करू शकणार नाहीस, हे डोक्यात घाल आणि जरा पाठ टेक.

रागावली आहेस का विचारतोस. आहे. आईची आठवण आली की तू येतोस आणि तू आलास की राग येतो, तिन्ही आता एकत्रच येतात. मी थांबले होते, म्हटलं राग जाईल, मग याला घरी बोलावीन. पण तो जायचं काही लक्षण दिसत नाही. माझंही वय होत चाललंय, किती थांबू. तेव्हा त्याला राहू दे इथेच. तू रविवारी दुपारी ये. घर लहान आहे, पण तुम्हा दोघांनाही जागा होईल.

ताई